पेलेट आणि पॉइंट टू-टूच्या गोळ्या: स्वस्तात काय घ्यावं, किती साठवावं? (कोकणातला पावसाळा धरून सांगा)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, दहा मीटर एअर रायफल करते. क्लब लांब पडतो म्हणून घरीच वरच्या मजल्यावर लांब खोलीत दहा मीटरची सोय केलीये, मागे लोखंडी पेलेट ट्रॅप, त्यामागे भिंत, सराव चालू असताना त्या बाजूचं दार आतून बंद. प्रॅक्टिस वाढली तशी पेलेटचा खर्च एवढा वाढलाय की महिन्याच्या किराण्याच्या शेजारी लिहावा लागतो. आता सर म्हणतायत पुढच्या वर्षी ५० मीटर प्रोन (आडवं पडून मारायचं) सुद्धा सुरू करूया, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंची, दारूच्या गोळीची रायफल) आलीच.
तर विचारायचंय असं की सरावाला स्वस्त आणि मॅचला महाग असं दोन प्रकारचं घ्यावं का सगळं एकच? एकदम साठा करून ठेवला तर फायदा होतो का? आणि आमच्याकडे चिपळूणला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे शिसं आणि दारूगोळा टिकतो का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

रेंजवरची_ताई
दादा आधी हिशोब मांडा, ब्रँड नंतर बघू. मॅच ६० शॉटची, साईटर (आधीचे न मोजले जाणारे शॉट) धरून दिवसाला ८० शॉट होतात. डब्यात ५०० पेलेट म्हणजे डबा सहा दिवसात संपला. आठवड्यात पाच दिवस सराव धरला तर ४०० शॉट, वर्षाचे पन्नास आठवडे धरले की २०,००० पेलेट, म्हणजे ४० डबे. हा आकडा डोळ्यासमोर ठेवलात की कळेल डब्यामागे थोडे पैसे वाचले तरी वर्षाला केवढा फरक पडतो.
आता खरी बचत कुठे आहे तर ड्राय फायरिंगमध्ये. बहुतेक मॅच एअर रायफलला ड्राय फायरची सोय असते, हवा न सोडता ट्रिगर तोडता येतो. पोझिशन, श्वास, ट्रिगर, फॉलो थ्रू हे सगळं पेलेटशिवाय घोटून घेता येतं. पाचातले दोन दिवस ड्राय केले तर ४० चे २४ डबे होतात आणि मुलीचा खेळ सुधारतो तो वेगळाच. मी बालेवाडीला सराव करायचे तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या चांगल्या मुली अर्धा वेळ कोऱ्या भिंतीवर ड्राय करायच्या. टार्गेट नाही, काही नाही, फक्त साईट हलते कशी ते बघत बसायचं.
पेलेटचं म्हणाल तर चपट्या डोक्याचाच घ्यायचा, कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. गोल किंवा टोकदार डोक्याचा कागद फाडतो, मग ९ आहे का १० आहे यावर वाद. वजन ०.५३ ग्रॅमच्या आसपास रायफलसाठी. वरच्या दर्जाचे म्हणजे एच अँड एन फिनाले मॅच, आरडब्ल्यूएस आर-टेन, जेएसबी, चायनीज छियांग युआन. त्याखाली सरावासाठी आरडब्ल्यूएस माइस्टरकुगेल्न आणि क्लब वगैरे.

नवखा_नेमबाज
ताई आमच्या इथे दुकानात साधे छर्रे मिळतात, इंपोर्टेडच्या मानाने खूपच स्वस्त. नुसत्या सरावालाच वापरायचे तर ते का नाही चालणार? पोझिशन तर तीच ना.

रेंजवरची_ताई
@नवखा_नेमबाज, डबा उघडून दहा छर्रे तळहातावर घे आणि उजेडात मागच्या बाजूने बघ. घेर चेपलेला दिसेल, एखाद्याला आत शिशाची चिरी लोंबत असेल, एखादा बॅरलमध्ये सहज जाईल आणि पुढचा अंगठ्याने दाबून घालावा लागेल. मग शॉट ९.४ गेला तर तुझ्यामुळे का छर्‍यामुळे हे तुला कसं कळणार? सरावाचा सगळा उपयोग हाच की शॉट सुटल्या सुटल्या तू मनात म्हणायचं 'उजवीकडे थोडा' आणि मग बघायचं तिथेच लागलाय का. ते जुळणं बंद झालं की तुझा स्वतःवरचा विश्वास जातो. मजा म्हणून डबे पाडायला घे खुशाल, टार्गेटला नको.

दहापॉइंटनऊ
ताईंनी बरोबर सांगितलंय, मी त्यात आकडे घालतो कारण बरेच पालक 'महाग म्हणजे चांगलं' एवढ्यावर थांबतात.
दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दोन रिंगमधलं अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे दशांश गुणातला (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) एक दशांश बरोबर पाव मिलिमीटरचा. आता तुमची रायफल क्लबात व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) घट्ट बांधा, माणसाचा हात मधून काढून टाका, आणि एका डब्यातले दहा पेलेट मारा. जो गट पडेल त्याचा बाहेरून बाहेर व्यास मोजा, त्यातून पेलेटचे साडेचार मिमी वजा करा, उरेल त्याचं अर्ध करा. समजा गट ८ मिमीचा आला. ८ वजा ४.५ म्हणजे ३.५, त्याचं अर्ध १.७५ मिमी. भागिले पाव. सात दशांश. म्हणजे मुलीने अगदी परफेक्ट शॉट सोडला तरी तो पेलेट १०.९ चा १०.२ करू शकतो. दुसऱ्या डब्याचा गट साडेपाच मिमी आला तर नुकसान जास्तीत जास्त दोन दशांश. पेलेटची निवड म्हणजे एवढंच, बाकी डब्यावरचं चित्र आणि किंमत दुय्यम आहे.
आणि गंमत नाही सांगत, खरंच सांगतो, प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या दोन रायफली शेजारी बांधल्या तर एकीला ४.४९ मिमी हेडचा (डोक्याच्या व्यासाचा) पेलेट आवडतो आणि दुसरीला ४.५०. मधल्या किमतीचा डबा महागड्यापेक्षा लहान गट देताना मी क्लबमध्ये कितीदा पाहिलंय. त्यामुळे आधी चार-पाच प्रकारचा एकेक डबा आणा (क्लबातल्या पोरांकडून पन्नास-पन्नास मागून घेतलेत तरी चालेल), प्रत्येकाचे दोन-तीन गट मारा, एका गटावर निर्णय नको. प्रकार बदलला की पहिले दहा-वीस शॉट मोजायचे नाहीत, बॅरल त्या नवीन शिशाला सरावू द्या.
आणि मग साठ्याचा प्रश्न येतो. साठा पैसे वाचवायला करायचा नसतो हो, लॉट (एका खेपेत बनलेला माल) राखायला करायचा असतो. डब्याच्या मागे स्टिकरवर किंवा शिक्क्यात लॉट नंबर असतो. त्याच नावाचा, त्याच हेड साइजचा पुढच्या लॉटचा डबा वेगळा गट देऊ शकतो कारण साचा झिजतो, बदलतो. तेव्हा जो लॉट जमला त्याचे निदान मॅचपुरते डबे एकदम उचला आणि बाजूला ठेवा. सरावाला त्याच कंपनीचा त्याच वजनाचा खालच्या दर्जाचा चालेल, पण गट सहा-साडेसहाच्या आत हवा.

पंचगंगा
सर मला हे दोन प्रकारचं मान्य नाही, स्पष्टच बोलतो. आमच्या कोल्हापूरने नेमबाजीत काय नाही दिलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनची जागतिक विजेती झाली, स्वप्नील कुसाळे राधानगरीतल्या कांबळवाडीचा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ मारून ब्राँझ आणलं. त्याच्या सुरुवातीच्या काळात गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. मुद्दा काय, पोराला जे मॅचमध्ये वापरायचंय तेच रोज द्यावं, आवाज तोच, झटका तोच, झिरो (साईटची जुळवणी) तोच. नायतर मॅचच्या आदल्या आठवड्यात डबा बदलायचा आणि साईटचे क्लिक फिरवत बसायचं, त्यात पोराचं टेन्शन वाढतं. पैसे नसतील तर शॉट कमी मारा पण एकच मारा.

रेंजवरची_ताई
पंचगंगा दादा, पॉइंट टू-टूच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, एअर रायफलला नाही. एअर रायफलमध्ये दोन्ही पेलेटचं वजन सारखं असलं तर झिरोत फारसा फरक येत नाही, आणि मॅचच्या आधीचे दोन-तीन आठवडे मॅच लॉटवरच खेळायचं हे तर ठरलेलंच असतं. नववीतली मुलगी आहे, अजून तिची पोझिशन पक्की व्हायचीये. तिचा स्वतःचा गट पेलेटच्या गटापेक्षा खूप मोठा असणार. तिथे वर्षभर सगळ्यात महाग पेलेट जाळून काही मिळत नाही, ते पैसे चांगल्या जॅकेटला किंवा दोन जास्तीच्या मॅचच्या प्रवासाला वापरा. शॉट कमी करा हे मात्र शंभर टक्के बरोबर.

वाशिष्ठीकाठ
सर, ताई, दादा, खूप आभार. व्हाइसचं मला माहीतच नव्हतं, रविवारी क्लबात विचारतो. आता पॉइंट टू-टूबद्दल सांगाल का? गोळ्या घरी ठेवता येतात का, किती, स्वस्त कुठली, सगळंच नवीन आहे.

दहापॉइंटनऊ
पॉइंट टू-टू हे बंदुकीचं शस्त्र आहे, एअर रायफलसारखं नाही. परवाना लागतो, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तांकडून. गोळ्या परवान्यावर जेवढ्या मंजूर तेवढ्याच, अधिकृत विक्रेत्याकडून किंवा रायफल असोसिएशनमार्फत, आणि प्रत्येक खरेदीची नोंद. मुलगी लहान आहे त्यामुळे तुम्ही सुरुवातीला घरी साठ्याचा विचारच करू नका. क्लबची रायफल, क्लबच्या गोळ्या, कोचच्या देखरेखीखाली. बहुतेक सगळी मुलं अशीच सुरू करतात. क्लबच्या शस्त्रागारात ठेवणं घरापेक्षा सुरक्षितही आहे आणि कोरडंही. पुढे स्वतःचा परवाना आला की त्यावर लिहिलेली मर्यादा वाचा, नियम मधे मधे बदलतात, कुणाच्या ऐकीव आकड्यावर जाऊ नका, मी पण इथे आकडा देत नाही.
आता गोळी. ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची, वरून मेणाचा किंवा चरबीचा थर. टार्गेटची गोळी मुद्दाम हळू असते, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली. दुकानात 'हाय व्हेलॉसिटी' म्हणून जी मिळते ती ३६५-३८० च्या आसपास निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा ती डळमळते. लोकांना वाटतं जोरात जाते म्हणजे सरळ जाते. पन्नास मीटरला उलट होतं. त्यामुळे पहिला नियम, डबीवर स्टँडर्ड व्हेलॉसिटी, टार्गेट, क्लब असं काहीतरी लिहिलेलं बघा.
परवडणाऱ्यात एसके स्टँडर्ड प्लस, एली क्लब, आरडब्ल्यूएस क्लब, सीसीआय स्टँडर्ड ही नावं. त्यावर एसके रायफल मॅच, लापुआ सेंटर-एक्स. सगळ्यात वर एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर-फिफ्टी, लापुआ मिडास आणि एक्स-अ‍ॅक्ट. एली इंग्लंडात बर्मिंगहॅमची, एसके जर्मनीत शॉनेबेकला बनते आणि ती लापुआच्याच घरातली. मोठे खेळाडू स्वतःची रायफल घेऊन तिथे जातात आणि कारखान्याच्या टेस्ट रेंजवर वेगवेगळे लॉट मारून बघून त्यातला एक उचलतात. टेनेक्सचा न जमलेला लॉट हा एसकेच्या जमलेल्या लॉटपुढे हरतो, हे लक्षात ठेवा. इथे ५० मीटरला दहाची रिंग १०.४ मिमीची आहे, एक दशांश म्हणजे ०.८ मिमी.
पंचगंगा म्हणतात ते इथे लागू पडतं. टू-टूला प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं, बॅरलमध्ये त्याचा थर बसतो. ब्रँड बदलला की वीस-तीस शॉट तरी गट इकडेतिकडे पळतो, मग बसतो. सकाळी स्वस्त आणि दुपारी महाग असं केलं तर दोन्ही वाया. एका कुटुंबातलं घ्या, म्हणजे सरावाला एसके आणि मॅचला लापुआ, किंवा सरावाला एली क्लब आणि मॅचला वरची एली.

एनसीसी_जुना
आमच्या वेळी एनसीसीला पॉइंट टू-टू डिलक्स रायफल आणि आपल्या खडकीच्या कारखान्याच्या गोळ्या, पंचवीस यार्डावर आडवं पडून ग्रुपिंग. उस्ताद ओरडायचे 'श्वास रोख, ट्रिगर दाबू नको, पिळ'. त्याच गोळ्यांवर कितीतरी पोरं नेमबाजीला लागली. परदेशी मालाशिवाय काही होतच नाही असं जे चित्र उभं राहतं ते बरोबर वाटत नाही. शिकायला देशी गोळी पुरते.

दहापॉइंटनऊ
शिकायला पुरते, मान्य आहे, आणि ज्या उस्तादांनी गावागावातल्या पोरांच्या हातात पहिली रायफल दिली त्यांचं ऋण मोठं आहे. पंचवीस यार्डावर सुरक्षितता, पोझिशन, ट्रिगर यासाठी कुठलीही नीट पेटणारी गोळी चालते. पन्नास मीटरला दशांशाचा खेळ सुरू झाला की वेगातला प्रत्येक गोळीमागचा फरक उभ्या रेषेत दिसायला लागतो, एक वर एक खाली. गट आडवा पसरला तर आधी वारा आणि पोझिशन बघायची, उभा पसरला आणि पोरगं श्वास नीट घेतंय तर गोळीवर संशय घ्यायचा.

ऑस्टिनकर
इकडे टेक्सासला परिस्थिती अगदी वेगळी आहे म्हणून तुलनेसाठी लिहितो. टू-टू ५०० च्या विटेत मिळते, ब्रिकच म्हणतात तिला, ५० ची डबी गुणिले दहा, आणि सेल लागला की लोक ५००० ची केस घेऊन गराजमध्ये टाकतात. मी रेंजवर .२२३ पण मारतो. त्यात स्वस्त म्हणजे पूर्वी रशियन पोलादी केसची गोळी असायची, २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवीन परवाने बंद केल्यावर ती हळूहळू दुकानातून गेली. तिचा एक त्रास होता, बऱ्याच इनडोअर रेंजवर लोहचुंबक लावून तपासतात आणि चिकटली तर आत येऊ देत नाहीत. दुसरी स्वस्तातली म्हणजे जुना लष्करी सरप्लस, त्यातल्या कितीतरी गोळ्यांच्या प्रायमरमध्ये क्षार असतो, मारून झाल्यावर बॅरल पाण्याने धुऊन मग तेल दिलं नाही तर दमट हवेत दुसऱ्या दिवशी गंज. स्वस्त गोळीचा हिशोब करताना ही साफसफाई पण धरा.
साठ्याचं म्हणाल तर माझा नियम सोपा आहे, मूळ डबी फेकायची नाही, वर मार्करने घेतल्याची तारीख, जुनं आधी संपवायचं. आणि गराज नाही. इथे उन्हाळ्यात गराज भट्टी होतं. मी घरातल्या आतल्या कपाटात कुलपात ठेवतो, रायफल वेगळ्या तिजोरीत, मुलं आहेत घरात.

रसायनवाला
साठवणीबद्दल लिहितो, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.
शिसं दमट हवेत करडं पडतं, तो थर पातळ असतो आणि खरं तर आतल्या शिशाचं रक्षण करतो. काळजी करायची ती पांढऱ्या भुकटीची. डबा उघडल्यावर पेलेटवर पांढरा पिठासारखा थर दिसला तर तो शिशाचा कार्बोनेट आहे, विषारी आहे, फुंकर मारायची नाही, फडक्याने झटकायचं नाही. डबा तसाच बंद करून बाजूला. पेलेट वाचवायच्या नादात पडू नका.
ही भुकटी नुसत्या पावसाने येत नाही बरं का. लाकडातून, विशेषतः नवीन प्लायवूड आणि त्याच्या गोंदातून, अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक अ‍ॅसिडच्या वाफा हळूहळू निघत असतात. बंद लाकडी ड्रॉवर, आत दमटपणा आणि शिसं, हे तीन एकत्र आले की वर्षभरात पांढरं. संग्रहालयवाल्यांना शिशाच्या जुन्या वस्तू लाकडी कपाटात ठेवल्या की हाच त्रास होतो. म्हणून वाशिष्ठीकाठ, नवीन फर्निचरच्या ड्रॉवरमध्ये साठा नको. पेलेटचे डबे रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, केशरी असतं ते दमट झालं की हिरवं होतं. निळं-गुलाबी होणारं टाळा, त्यात कोबाल्ट असतं. जेल परत वाळवायचं तर घरातल्या जेवणाच्या ओव्हनमध्ये नको, त्यापेक्षा नवीन पुड्या टाका, महाग नाहीत. डबा भरायचा तो एप्रिल-मे मध्ये कोरड्या दिवशी, जुलैमध्ये भरलात तर आत पाऊसच भरून ठेवाल. एका वेळी एकच डबा बाहेर काढा, तो संपला की पुढचा.
टू-टूच्या गोळ्यांना तेल, स्प्रे काही लावू नका. गंजेल म्हणून लोक पुसतात. आतला पेट घेणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो आणि गोळी व केसच्या सांध्यातून पातळ तेल आत झिरपलं की तो मरतो, शिवाय वरचं मेण विरघळतं ते वेगळं. मूळ डबीत, कोरड्या, थंड, तापमान फार वरखाली न होणाऱ्या जागी. गाडीच्या डिकीत ठेवून मे महिन्यात फिरायचं नाही, मेण मऊ होऊन सगळीकडे पसरतं.

वाशिष्ठीकाठ
ड्रॉवर प्लायवूडचाच आहे आणि गेल्या दिवाळीत केलेला!! आजच डबे हलवतो. अजून एक, आमच्या भागात २०२१ च्या जुलैचा पूर सगळ्यांना आठवतोय, तळमजल्यावरचं काही वाचलं नाही कुणाचं. समजा उद्या कधी असं झालं आणि गोळ्या भिजल्या तर वाळवून चालतात का?

रसायनवाला
पेलेट भिजले तर स्वच्छ पाण्यात हलवून, कागदावर पसरून सावलीत वाळवून सरावाला चालतील, गाळ आत अडकलेला नसेल तर. टू-टूची गोळी पाण्याखाली राहिली तर नाही. तिचा सांधा लष्करी गोळीसारखा सील केलेला नसतो. वरून वाळलेली दिसते, आत दारू ओलसर, आणि अशी गोळी अर्धवट पेटली की शिसं बॅरलमध्येच अडकतं. साठा नेहमी वरच्या मजल्यावर.

दहापॉइंटनऊ
याला जोडून सुरक्षिततेचं सांगतो, मुलीला सुद्धा वाचायला द्या. ट्रिगर दाबला आणि आवाज झाला नाही तर रायफल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, कधी कधी गोळी उशिरा पेटते. मग कोचला सांगून बोल्ट उघडायचा. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुसका आला, तर पुढची गोळी अजिबात भरायची नाही. हात वर. बॅरल रिकामी आहे हे कोचने मागून बघेपर्यंत थांबायचं. अडकलेल्या शिशामागे दुसरी गोळी गेली तर बॅरल फुगते किंवा फुटते, आणि गाल तिथून वीतभर अंतरावर असतो. जुन्या, भिजलेल्या, कुठून आल्या माहीत नसलेल्या गोळ्यांमध्ये बचत शोधू नका. खराब गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, नदीत तर मुळीच नाही. ज्यांचा परवाना त्यांनी विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करायच्या आणि नोंद करून घ्यायची.

नवखा_नेमबाज
पेलेट ट्रॅपमधलं शिसं काय करायचं? आमच्याकडे शेजारचे काका मागतायत, गळाला वजनं करायला वितळवणार म्हणे.

रसायनवाला
काकांना देऊ नकोस, रागावले तरी चालेल. चुलीवर किंवा परसात शिसं वितळवणं म्हणजे वाफा आणि राख घरभर, लहान मुलं असतील तर त्यांच्या मेंदूवर थेट परिणाम. ट्रॅप घराबाहेर उघड, मास्क लावून, झाडूने कोरडं झाडायचं नाही, ओल्या कागदाने पुसून घ्यायचं. झाकणाच्या डब्यात साठव आणि शिसं घेणाऱ्या नीट भंगारवाल्याकडे दे. सराव झाल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, मगच खायचं. आणि पोरं पेलेट ओठात धरून लोड करतात, ते आजपासून बंद.

पंचगंगा
+१ हात धुण्याला. आमच्या क्लबात वडापावची गाडी बाहेरच उभी असते, पोरं तशीच पळतात.
वाशिष्ठीकाठ, प्रोनला मुलगी यायच्या आधी एकदा तिला व्हाइसच्या टेस्टला बसवा, गट स्वतः मोजू दे. माझ्या पुतण्याला त्या दिवशी कळलं की त्याचा ९.८ हा पेलेटचा दोष नव्हता. त्यानंतर त्याने डब्याला दोष देणं सोडलं.

वाशिष्ठीकाठ
रविवारी जाऊन आलो. मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून चार प्रकारचे डबे मारले, प्रत्येकी तीन गट, कॅलिपरने मोजून वहीत लिहिले. माइस्टरकुगेल्न सहाच्या जरा आत आला, तीनपैकी दोन गटात. आर-टेन ४.५० चा साडेपाचच्या आसपास, ४.४९ चा त्याहून मोठा. चौथा, जो आम्ही आजवर वापरत होतो, तो पावणेआठ. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, म्हणाली बाबा मग माझे सगळे नऊ माझे नव्हते. सर म्हणाले अर्धे तुझेच होते.
ठरवलंय असं की सरावाला माइस्टरकुगेल्नचे पंधरा डबे, मॅचला आर-टेन ४.५० चे सहा, जो लॉट टेस्ट केला तोच असेल तर. आठवड्यातून दोन दिवस ड्राय. डबे आता वरच्या मजल्यावर रबरी झाकणाच्या डब्यात आहेत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो लॉट नंबर बघून देणं जमणार नाही, येईल तो माल घ्या. काय करावं?

रेंजवरची_ताई
अरे वा, वही घातली हे फार छान केलंत, तिला म्हणावं तारीख आणि हवा पण लिहीत जा. विक्रेत्याचं असं करा, दोन-तीन पालक मिळून एकत्र ऑर्डर द्या, पूर्ण कार्टन घेतलं तर आतले डबे बहुतेक वेळा एकाच लॉटचे असतात आणि मोठ्या ऑर्डरला विक्रेता नंबर बघायला तयार होतो. पैसे देण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. नाहीच जुळला लॉट तर पंधरा घेऊ नका, एकच डबा घ्या, पुन्हा टेस्ट, मग बाकीचे. आणि ऑर्डर मे संपायच्या आत हातात येईल असं बघा, पार्सल पावसात गोदामात पडून राहिलं तर डबे भिजलेले येतात. पुण्यात आमच्या दोन पालकांना याच प्रकारचे सरावाचे डबे हवेत, चालणार असेल तर मेसेज करते, मिळून कार्टन पुरं होईल.

वाशिष्ठीकाठ
चालेल ताई, करा मेसेज. फोटो आला की लॉट नंबर इथे टाकतो.